मलकापुरात माझं घरचं नाव कोणी फोडलं?

मंडळी, आज मलकापूरला फुटबॉलची मॅच होती. मी देऊळघाटचा गोलकीपर. गोलपोस्टमागे त्यांचे समर्थक ढोल बडवत ओरडत होते, "गुलगुल्या, दूध पेऊन आला का बे?"

गुलगुल्या! या नावानं मला फक्त आई हाक मारते, तेही घरात. मी चमकून मागं पाहिलं अन् तेवढ्यात गोल झाला. मॅच गेली.

परतताना गाडीत मी एकेकाकडे संशयानं बघत होतो. आमच्या गण्याला तर सरळच विचारलं. "मले काय माहीत बे," म्हणत तो हसला. काऊन हसला?

घरी आलो. आईचं माहेर मलकापूरच. पाणी देत तिनं हळूच विचारलं, "मामाचा आवाज आला का रे तुले? आमचे जिंकले ना?"

तुमच्या घरात कोण कोणाकडून आहे, कधी तपासलं का?