कारल्यासाठी साकडं

"माताजी, साखर राहू दे अंगात, पण कारलं आवडू दे!" देवासच्या देवीच्या टेकडीवर बाबा असे ओरडले, की खाली उभी असलेली इंदूरची बस प्रवासी न घेताच पळाली. दर्शनाच्या रांगेतला एक जण म्हणाला, "भिया, धीरे बोलो, माताजी बहरी थोडी हैं!"

आज आमच्याकडे कारलं परतलं जातंय आणि त्या कडू वासानं मला थेट कित्येक वर्षांपूर्वीच्या त्या रांगेत नेऊन उभं केलंय. गेल्याच आठवड्यात माझाही साखरेचा रिपोर्ट आला.

तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, शेव सोडा, कारली-दुधी खा, नाहीतर डोळे जातील. आणि बाबा तर चहातही शेव घालणारे गृहस्थ! तरी दर्शन झाल्यावर ते पायरीवर बसले, आईनं डबा उघडला आणि त्यांनी मोठ्या आशेनं कारल्याची एक फोड तोंडात टाकली. चेहरा असा झाला, की टेकडीवरची झाडून सगळी माकडं पसार झाली. मी हसून लोळलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला आत्ता दिसतंय. "नाही गं जमत," म्हणाले आणि डबा सरकवला. पुढं डोळे खरंच गेले.

त्या दिवशी डब्यातली उरलेली भाजी आईनं शांतपणे संपवली, घरी रोज त्यांच्या सोबतीला खायची तशीच.

टेकडी उतरताना मी विचारलं, "आई, तुला कसं गं आवडतं कारलं?"

"मला नाही आवडत," ती म्हणाली.