भर उन्हाळ्यातलं भरलेलं तळं

शरयूवन्सं गेल्या, असा परळच्या हॉस्पिटलातून यांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "नक्की ना? दुसऱ्या डॉक्टरांनी बघितलं का?" पलीकडे हे नुसतं "हो" म्हणाले. सख्खी थोरली बहीण गेलेल्या माणसाला कोणी असं विचारतं का? फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, हा प्रश्न माझा नव्हताच. तो वन्संचा होता. लग्न होऊन लालबागच्या या चाळीत आल्यापासून त्यांच्या सहवासात राहून राहून तो माझ्या जिभेवर कधी येऊन बसला, मला कळलंही नव्हतं…

वन्सं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. आमच्याच मजल्यावर पलीकडच्या टोकाला त्यांची खोली होती. स्वभावाने अतिशय संशयी. भाजीवाल्याने पुढची जुडी हातात दिली की त्या मागची मागणार. मी नवी नवरी असताना त्यांना पहिल्यांदा चहा नेऊन दिला, तर घोट घेऊन माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "हा तू केलास की आईने?" आईंनीच केला होता. मी रडकुंडीला आले, आणि त्या हसल्या. पुढे मला कळलं, की ज्याच्यावर त्या संशय घेत नाहीत तो माणूस त्यांच्या दृष्टीने दखल घेण्याच्याच लायकीचा नाही. त्यामुळे आपल्यावर संशय आला की मला हळूहळू बरं वाटायला लागलं.

आमच्या चाळीच्या चौकात जुनी विहीर आहे, वर लोखंडी जाळी असलेली. पिण्याचं पाणी नळाचं. पण धुणीभांडी, संडास, सगळं या विहिरीवर चालतं. मागच्या भिंतीपलीकडे बंद पडलेली गिरणी, आणि गिरणीच्या आवारात यंत्रांसाठी पूर्वी खणलेलं एक तळं. गॅलरीतून ते दिसायचं. जलपर्णी, बगळे, काठाला शेवाळ. गिरणी पाडून तिथे टॉवरचं काम सुरू झालं, तळघरासाठी खोल खड्डा खणला गेला, आणि त्याच उन्हाळ्यात आमची विहीर खाली जायला लागली. पंप नुसता हवा ओढायचा. "उन्हाळाच कडक आहे," असं चाळीतले सगळे म्हणाले. हेही तेच म्हणाले. हे तेव्हा चाळ कमिटीत होते.

वन्संनी मात्र एक दिवस बाजारातून येता येता मला रस्त्याच्या कडेला थांबवलं. "ऐक," म्हणाल्या. फुटपाथखालच्या गटारातून खळखळ आवाज येत होता. "फाल्गुनात पावसाचं गटार वाहतंय. आणि वास नाही. म्हणजे हे सांडपाणी नव्हे. मग कुणाचं पाणी आहे हे?"

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी विहिरीत दोरीला बांधलेलं वजन सोडून पाणी किती खाली गेलं ते बघायच्या, आणि मग गॅलरीत जाऊन तळ्याकडे. तळ्याच्या कडेने चिखलाचा पट्टा रुंद होत चालला होता. मला त्यांनी समजावलं तेही त्या गॅलरीतच. पावसाळ्यात तळं भरलं की ते आजूबाजूच्या जमिनीत पाणी मुरवतं, त्यावर विहिरी भरतात. उन्हाळ्यात उलटं, जमिनीतलं पाणी झिरपून तळ्यात येतं. "वरून दोन दिसतात गं, पण खाली पाणी एकच. खड्डा कोरडा ठेवायला ते रात्रंदिवस पाणी उपसतायत. आपली विहीरही उपसतायत आणि तळंही."

टॉवरवाल्यांचा इंजिनीअर एकदा चाळीत आला. नम्र, इस्त्रीचा शर्ट. तळं वेगळं, विहीर वेगळी, दोघांचा काही संबंध नाही, मॅडम, हा सीझनल परिणाम आहे, असं त्याने सांगितलं. वन्संनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "होळीला तुमचे कामगार गावी गेले होते. काम बंद, पंप बंद. तेव्हा आमची विहीर वर आली आणि तुमच्या तळ्यातला चिखल झाकला गेला. ते परत आल्यावर दोन्ही पुन्हा खाली. होळीपुरता उन्हाळा पण गावी गेला होता का?" चाळ हसली. इंजिनीअरही हसला, पण त्याचे डोळे यांच्याकडे वळले. मी ते पाहिलं… आणि वन्संनीही पाहिलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्या आमच्याकडे जेवायला बसल्या असताना हातातला घास खाली ठेवून त्यांनी यांना विचारलं, "अन्या, खरां सांग. तू थंय चाय पिऊक कित्याक गेल्लस?" रागावल्या की त्या मालवणीत शिरायच्या. साइटवरच्या ऑफिसात हे चहा पिताना त्यांना गॅलरीतून दिसले होते. हे भडकले. "स्वतःच्या भावावर पण संशय?" म्हणाले. वन्सं ताटावरून उठल्या. त्यानंतर कित्येक महिने त्या आमच्या घरी जेवल्या नाहीत. मीच डबा नेऊन द्यायची. तो त्या घ्यायच्या, पण मी केलाय ना, हे विचारून.

तक्रारी, हेलपाटे, अर्ज, सगळं त्यांनी एकटीने केलं. अखेर महापालिकेच्या वॉर्डातून माणसं येऊन बघून गेली. खड्ड्याभोवती पाणी अडवणारी भिंत घालायला लावली गेली आणि विहीर बरीचशी सावरली. चाळीने वन्संना हार घातला. त्यांनी तो नीट निरखून घेतला, फुलं ताजी आहेत का ते.

टॉवर उभा राहिला. तळ्याला नवा काठ, दिवे, कारंजं. जाहिरातीत ‘तलावाकाठचं घर’. पुढच्या मे महिन्यात विहीर पुन्हा उतरली, पण तळं काठोकाठ निळंशार. लोक म्हणाले, बघा, तळ्यात तर पाणी आहे! वन्सं गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणूनच भीती वाटते. भर उन्हाळ्यात तळं जरासुद्धा हललं नाही? खाली प्लास्टिक अंथरलंय त्यांनी. टँकरने भरतायत. आता ते जमिनीला काही देणार नाही, आणि घेणारही नाही." पुढे तळ्याची सफाई निघाली तेव्हा काळं प्लास्टिक सगळ्यांनीच पाहिलं. पण तोवर वन्सं आजारी पडल्या होत्या. हॉस्पिटलात मी त्यांना सांगितलं, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "तू स्वतः बघितलंस की कुणी सांगितलं?"

त्यांना जाऊन काही आठवडे झाल्यावर आम्ही दोघं त्यांची खोली आवरायला गेलो. दाराला दोन कुलुपं. आत सगळं लखलखीत. हे कॉटच्या कडेला बसले आणि आपणहून बोलायला लागले. "मी तिथे विचारायला गेलो होतो. आपल्या भिंतीला तडे गेले तर जबाबदार कोण, म्हणून. त्यांनी चहा पुढे केला. नाही कसं म्हणणार?"

मला पटलं. तरी मी विचारलं, "एकदाच गेला होतात?"

हे खिडकीकडे वळले. "दोनदा," म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनीच बोलावलं होतं. विहीर बुजवली तर चौकात गाड्यांना जागा होईल, खर्च आम्ही करू, तुम्ही फक्त कमिटीत बोला, असं म्हणाले होते. "मी हो म्हटलं नाही. पण नाही पण म्हटलं नाही. बघू म्हणालो… आणि ताईला तेवढं कळलं."

मी भांडी पुसून फडताळात लावली, दोन्ही कुलुपं घातली.

गेल्या रविवारी चाळीच्या बैठकीत विहिरीचा विषय निघालाच. पाणी नाही, डास होतात, बुजवून टाकू, गाड्या लावू. माना डोलायला लागल्या. तेव्हा हे उठले. आता कमिटीतही नाहीत, आणि चारचौघांत बोलायची सवयही नाही. वन्संनी गॅलरीत मला सांगितलेलं तेच, अडखळत, त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात गच्चीचं पाणी विहिरीत सोडू, तिला आता तळ्याचा आधार नाही, आपलाच आहे, म्हणाले. बुजवायची नाही.

मागून कोणीतरी विचारलं, "अनंतराव, आधी कधी बोलला नाहीत ते? यात तुमचं काय आहे?"

सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं, हे भडकणार. पण हे खुर्चीची पाठ धरून तसेच उभे राहिले.

"घ्या संशय," म्हणाले. "घ्यायलाच पाहिजे. पण विहीर राहू दे."