बटेरांचा शेवगा

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाहीतर माहं डोकं फुटन!

जरीपटक्यात आमच्या गल्लीतल्या शेवग्याचा पाला न्याले एक बाई रोज येत होती. नाव कधी विचारलंच नाही. प्रत्येक मूठ हुंगून मगच पदरात टाके. पाला वाळवून, कुटून घरी पाळलेल्या बटेर पक्ष्यांच्या दाण्यात मिसळे. "तवापासून पिल्लं कमी मरतात गा," म्हणे.

आज आली, तर झाडच तोडलेलं! शेजारच्या काकाले कार उभी कराची होती.

"आता दुकानातून बटेरांची दवाई आण नं वं," काका हसले.

बुंध्यावर हात ठेवून ती म्हणाली, "आणतो. पण उन्हाळ्यात तुमच्या गाडीले सावली कुठून आणसान?"

काका गाडीची काच पुसाले लागले. काहून तोडलं गा? मले अजून राग येऊन राहिला!

तुमच्या गल्लीतही असा काका आहे काय?