बत्तीसच्या जागी नऊ पॉइंट आठ

मी एकशे एकसष्टला नऊ पॉइंट आठने भागलं. भागायचं होतं बत्तीसने. बाकी सगळं बरोबर होतं. बोल्ट घट्ट होते, सेन्सर नीट चिकटवला होता, रिपोर्टवर तारीखसुद्धा बरोबर होती. फक्त उल्हासनगरच्या गोपसेठचा चांगला धडधाकट डबा मी स्वतःच्या हाताने मोडून ठेवला होता.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची टेस्टिंग लॅब आहे. लोक वस्तू बनवतात, आम्ही त्या हलवून बघतो. त्यासाठी शेकर नावाचं मशीन आहे. वस्तू त्याच्या टेबलावर कसायची, मग मशीन तिला खालून थरथरवतं. किती जोरात थरथरवायचं ते आम्ही g मध्ये मोजतो, बोलताना नुसतं 'जी'. शाळेत त्वरण शिकलो होतो, तेच हे. वस्तू हातातून सुटली की खाली पडताना तिचा वेग ज्या दराने वाढतो, तो एक जी. पाच जी म्हणजे त्याच्या पाचपट. त्या क्षणी वस्तूला आपलंच वजन पाचपट झाल्यासारखं वाटतं.

आमचे बहुतेक कस्टमर हा आकडा मीटरमध्ये पाठवतात. त्याला ९.८ ने भागायचं, येईल तो जी मशीनला द्यायचा. इतकी वर्षं भागतोय की हात आपोआप भागतो, डोक्याला कळवतही नाही. गोपसेठचा माल मात्र अमेरिकेला जाणार होता आणि तिथे अजून फूट चालतात. स्पेसिफिकेशनमध्ये छापलं होतं, १६१ फूट पर सेकंद स्क्वेअर. मी नुसतं एकशे एकसष्ट वाचलं आणि भागून मोकळा झालो. उत्तर आलं सोळा जीच्या वर.

निदान तेव्हा तरी शंका यायला हवी होती. ट्रकमधून न्यायच्या पत्र्याच्या पॅनेल बॉक्सला सोळा जी कोण मागतं? मला वाटलं, अमेरिकेतले रस्ते खराब असतील.

जेवणाच्या सुट्टीआधीच डब्याच्या आतले दोन ब्रॅकेट तुटले. मी सेठला फोन केला.

"सेठ, आपका बॉक्स फेल हो गया. सोलह जी पे ब्रॅकेट टूटा."

"कौन जी?"

"सोलह जी."

"साईं, जी-जी मत करो, मैं रिक्षा पकड के आता हूं."

सेठ आले, लॅबमधून तुटलेला ब्रॅकेट उचलला आणि मला घेऊन थेट गायकवाड मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. मॅडम आमच्या लॅबच्या इनचार्ज. कुणी डॉक्टरकडे पडलेला दात घेऊन यावा, तसा तो ब्रॅकेट हातात धरून सेठ बसले होते. हा त्यांचा पहिला एक्स्पोर्ट. परवा कंटेनर भरायचा होता. तो चुकला तर कस्टमर ऑर्डर दुसऱ्याला देणार, हे त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं.

"मी कारखान्यात सांगून आलो," सेठ म्हणाले. मॅडमशी ते मराठीत बोलायचे. "ग्राइंडर लावा, सगळ्या डब्यांचे ब्रॅकेट कापून काढा. रात्रभर बसून जाडे लावू. मोरेसाहब, कितना मोटा लगाऊं?"

डिझाइनचा सल्ला देणं माझं काम नाही. तरी दिला. "तीन एमएम लगाओ," मी म्हणालो, जसं काही घरून ठरवून आलो होतो.

"पर ये जी होता क्या है? किसके वास्ते मेरा माल काट रहा हूं, वो तो पता चले."

"सांगा त्यांना, मोरे," मॅडम म्हणाल्या.

मी खुशीत सुरू झालो. समजावून सांगायला मला फार आवडतं. बेलवलीत आमच्या सोसायटीतले लोक मला बघून जिना बदलतात. "देखो सेठ, एक जी मतलब नौ पॉइंट आठ मीटर पर..."

"मीटर नहीं. गाला फुट में लिया, घर फुट में लिया, पत्रा फुट में आता है. फुट में बोलो."

ठीक आहे. एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांच्या जरा वर. मी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला.

"तो एक जी हुआ बत्तीस फुट..."

मी स्पेसिफिकेशन ओढून घेतलं. एकशे एकसष्ट. फूट. बत्तीसने भागलं तर पाच.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं. त्या माझा चेहरा ओळखतात.

"सेठ, फोन लगाओ. ग्राइंडर बंद करवाओ."

सेठनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. ग्राइंडर चालू असताना फोन कुणाला ऐकू येणार? पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी बाजूच्या गाळ्यातल्या जीन्सवाल्याला पकडलं, आणि त्याने जाऊन मेन स्विचच खाली केला. तोवर मोजकेच डबे कापून झाले होते. बाकी लॉट शाबूत होता.

संध्याकाळी टेम्पोतून नवा डबा आला. या वेळी भागाकार मॅडमनी स्वतः केला. मशीनला पाच जी दिले. टेस्ट संपेपर्यंत मी काचेला नाक लावून उभा होतो. डबा उघडला, टॉर्च मारून एकेक ब्रॅकेट बघितला. कुठे चीर नाही, साधा स्क्रूही ढिला नाही. मी तिथेच एका खोक्यावर बसलो.

सेठ रागावतील म्हणून मी तयार होतो. पण ते वेगळ्याच विचारात होते. "साईं, सोलह पे भी दोपहर तक टिका ना? वो भी रिपोर्ट में लिख दो. पार्टी खुश होगी."

"ते नाही लिहिता येणार," मॅडम म्हणाल्या.

कंटेनर वेळेवर गेला. कापलेले डबे सेठनी पुन्हा वेल्ड करून मागच्या रांगेत सरकवले.

यातून मी एवढंच शिकलो की आकडा एकटा कधी फिरत नाही, त्याचं युनिट सोबत असतं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गंभीरपणे म्हणालो, "यापुढे प्रत्येक टेस्टला युनिट मोठ्या अक्षरांत, लाल पेनाने लिहीन."

मॅडमनी मान वर केली नाही. "युनिट लिहिलेलंच होतं, मोरे. वाचणारा तुमच्यासारखा निघाला."