बपेऱ्याच्या रेतीत दोन दिवस

मी चार वर्षं एका माणसावर राग धरून होते, आणि तो राग विझू नये याची काळजीही घेत होते. भात शिजायला टाकला की, मुलांना गणितं सोडवायला दिली की, मी त्या माणसाला मनातल्या मनात समोर उभा करायची आणि सुनवायची. रोज नवी वाक्यं सुचायची. प्रत्यक्षात मात्र तो भेटला की मी "नमस्कार सर" म्हणायची आणि तो "काय मॅडम, काही नवीन दिसलं का?" असं विचारायचा.

तो भंडाऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायचा, मी मोहाडी तालुक्यातल्या शाळेत. आमची ओळख पक्ष्यांमुळे झालेली. हिवाळ्यात तलावांवर बदकं मोजायला आम्ही सोबत जायचो. माझ्याकडे जुनी दुर्बीण आणि वही, त्याच्याकडे हातभर लांबीचा कॅमेरा. माणूस हुशार होता, हे मला आजही नाकारता येत नाही.

माझ्या शाळेजवळच्या एका गावात, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या धानाच्या बांधीत सारसांच्या जोडीनं घरटं केलं होतं. शेत एका सत्तरीच्या शेतकऱ्याचं. त्याची नात माझ्या वर्गात होती, म्हणून त्यानं मला विश्वासानं ते दाखवलं. घरट्याच्या आजूबाजूला त्यानं निंदणाच्या बाया जाऊ दिल्या नव्हत्या. तेवढं धान गवतात गेलं तरी चालेल, म्हणाला. मी सरांना तिथे नेलं. आधी शब्द घेतला, की पिल्लं निघेपर्यंत कोणाला सांगायचं नाही आणि फोटो कुठे टाकायचा नाही. चौथ्या दिवशी फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर होता, खाली गावाच्या नावासकट.

रविवारी बोडीच्या पाळीवर सात गाड्या उभ्या होत्या. कोणीतरी आकाशात उडणारा कॅमेरा आणला होता, तो भुणभुणत घरट्यावर फिरला. मादी उठली ती पुन्हा बसली नाही. तीन दिवसांनी शेतकऱ्यानं मला निरोप पाठवला. मी गेले तेव्हा तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसला होता आणि त्याच्या ओंजळीत एक थंड अंडं होतं.

"बाई, तुमीच आनलं ना त्यायले," एवढंच तो म्हणाला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण त्या हिवाळ्यात भंडाऱ्यात सरांचा सत्कार झाला. पडद्यावर तो फोटो मोठा करून दाखवला गेला, आणि शाल अंगावर घेऊन सर बोलले की हे घरटं शेतकऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मोडलं. गावाचं नाव घेतलं, म्हाताऱ्याचंही घेतलं. पुढे दोनदा वनखात्याची माणसं चौकशीला त्याच्या घरी जाऊन आली. मी त्या सभेत तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच केलं. माझा राग सरांवर होता हे खरं, पण त्यातला थोडा माझ्या स्वतःच्या त्या खुर्चीत बसून राहण्यावरही होता.

यंदा जानेवारीत त्यांचा फोन आला. बपेऱ्याकडे वैनगंगेच्या पात्रात पाणचिरे दिसतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. पाणचिरा म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचा, लाल-नारिंगी चोचीचा पक्षी. उडता उडता खालची चोच पाण्यात बुडवून पाणी चिरत जातो. आपल्या जिल्ह्यात त्याचा फोटो अजून कोणाकडेच नाही, असं सर म्हणाले. शनिवार-रविवार तिथेच तंबू लावू, नवीन गाडी घेतली आहे, बायकोही येते आहे, तुम्हाला तो भाग माहीत आहे तर चला.

मला तो भाग चांगलाच माहीत होता. बपेऱ्याजवळ माझं माहेर. मी लगेच हो म्हणाले. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "तू त्याच्यासंगं काहून जाऊन राहिली?" मी म्हटलं, पक्षी पाहायला. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पेपर उघडला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. सरांच्या पत्नीला मी आधी एक-दोनदाच पाहिलं होतं. बारीक, कमी बोलणाऱ्या, साठीच्या जवळ आलेल्या बाई. मी त्यांना वहिनी म्हटलं, त्यांनी मला ताई. गाडीत सर बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. तुमसर मागे पडलं, धानाची रिकामी शेतं आणि त्यांत पेरलेली हिरवी लाखोरी दिसू लागली. बपेऱ्याच्या पुढे नदीकडे उतरायला दोन वाटा आहेत. एक शेतांच्या कडेनं वळसा घेऊन जाते, ती टणक आहे. दुसरी सरळ पात्रात उतरते. तिच्यावरून रेतीचे ट्रॅक्टर जातात, साधी गाडी जात नाही.

सरांनी विचारलं, कुठून घ्यायची?

"सरळ घ्या," मी म्हटलं.

हे मी आधीच ठरवलं होतं. फोन ठेवल्यापासून मी त्या नव्या गाडीची चाकं रेतीत गेलेली पाहत होते.

शंभरेक पावलांवर गाडी बसली. सरांनी जोरात रेस दिली, चाकं जागच्या जागी फिरली आणि रेतीचा फवारा मागे उडाला. जळका वास येऊ लागला. मी दार उघडून खाली उतरले. आतून मला जे वाटत होतं ते आनंदासारखंच होतं, हे कबूल करते. पण तेवढ्यात वहिनीही उतरल्या, पदर खोचला आणि मागून गाडीला खांदा लावला. सर आत बसूनच ओरडत होते, जोर लावा, नुसतं हात काय ठेवता. फवारा सगळा वहिनींच्या अंगावर. केसांत, तोंडात, पापण्यांवर रेती. एका पायातली चप्पल तुटली. मला ते पाहवेना, म्हणून मीही शेजारी जाऊन ढकलू लागले. गाडी तसूभर हलली नाही, उलट पोटापर्यंत खाली गेली. शेवटी सर उतरले आणि सगळं पाहून म्हणाले, "मॅडम, तुमाले रस्ता माहीत होता न?"

मी म्हटलं, मागच्या वर्षी ठीक होता.

वहिनी तोंड धुवायला पाण्याकडे गेल्या, अनवाणी. सूड घ्यायला निघालेली मी, आणि रेती खाल्ली या बाईनं. मी माझ्या पिशवीतली चप्पल त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती घातली आणि म्हणाल्या की बरं झालं, इथे नदी तरी जवळ आहे.

ट्रॅक्टरवाला उद्या दुपारी येईन म्हणाला. आम्ही तिथेच, थोड्या उंचवट्यावर दोन तंबू लावले. जवळच मासे धरणाऱ्या एका माणसाचा डोंगा बांधलेला होता. चाळिशीचा, शांत माणूस. माझ्या माहेरचे लोक त्याच्या ओळखीचे होते. सकाळी डोंग्यातून फिरवायला तो तयार झाला आणि संध्याकाळी आमच्या शेकोटीजवळ येऊन बसला. वहिनींनी भात आणि वांग्याची भाजी केली. जेवताना सरांनी त्याला सारसाची गोष्ट सांगायला घेतली. मी समोर बसले होते तरी त्यांनी ती तशीच सांगितली. आपण घरटं कसं शोधलं, फोटोसाठी किती तास चिखलात उभे राहिलो, आणि मग त्या अडाणी म्हाताऱ्यानं सगळ्याची कशी वाट लावली. त्यांचा स्वतःच्या गोष्टीवर पूर्ण विश्वास बसलेला होता. खोटं बोलणारा माणूस जरा तरी चाचरतो. ते चाचरले नाहीत.

गाडीमुळे माझ्या मनात थोडी शरम आली होती. ती त्या शेकोटीपाशीच गेली. मी पाण्यानं हात धुतले आणि तंबूत जाऊन पडले.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. डोंग्यात सरांना पुढे बसवलं आणि मला मधे, त्यांच्याकडे पाठ करून. असं बसलं की तोल राहतो, असं डोंगेवाला म्हणाला. तो मागे उभा राहून बांबूनं डोंगा ढकलत होता, त्यामुळे माझं तोंड त्याच्याकडे आणि मागे राहिलेल्या पाण्याकडे होतं. वहिनी पाण्याला भितात, त्या काठावर रात्रीची भांडी घासत राहिल्या.

धुकं उठलं तसे पक्षी दिसू लागले. मी मान वळवून पाहिलं, पुढे रेतीच्या बेटावर चक्रवाकांची मोठी टोळी होती, भगव्या अंगाची. सूर्य त्यांच्यावर पडला आणि सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. हळू, हळू, असं ते हातानं सांगत होते. डोंगा जवळजवळ थांबला.

मी पुन्हा मागे तोंड केलं तेव्हा मला मागच्या वळणावर ते दिसले. तीन होते. पंख लांब, वरून काळे, आणि पाण्याच्या इतके जवळ की खाली त्यांची सावली नाही, त्यांचा जोडीदारच उडतोय असं वाटावं. पहिल्यानं चोच उघडली, खालची पाण्यात घातली, आणि पाण्यावर एक सरळ रेघ उमटत आली. मागून दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. मी त्यांची चित्रं कितीदा पाहिली होती. खरे कधीच पाहिले नव्हते.

काठावरून वहिनींनी काहीतरी हाक मारली. मी वळून पाहिलं, तर सरांनी कॅमेऱ्यावरचा डोळा न हलवता एक हात मागे करून त्यांना गप्प राहायची खूण केली. चक्रवाक उडतील म्हणून.

डोंगेवाल्यानंही मान वळवून ते पाहिले. काल संध्याकाळी सर त्याला ज्या पक्ष्याबद्दल विचारत होते तो हाच, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं सरांना सांगायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. नाही. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, मग बांबू पाण्यात रोवला आणि डोंगा आहे तिथेच धरून ठेवला.

पक्षी आमच्यापासून पन्नास-साठ हातांवर आले, वळले आणि आपल्याच रेघांशेजारून परत वर गेले. वळणापाशी एकदा केकाटल्यासारखा आवाज आला. पुढे कॅमेरा खटखटत होता, चक्रवाकांवर. हात मी गुडघ्यांत दाबून धरले होते. एक शब्द पुरला असता. तो मी बोलले नाही. चार वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणखी दोन तास आम्ही फिरलो. पाणचिरे पुन्हा आले नाहीत. सर म्हणाले, अफवाच असेल.

दुपारी ट्रॅक्टरनं साखळी लावून गाडी ओढून काढली. सुरू होत होती, पण पुढे सरकत नव्हती. क्लच जळला होता. डांबरी रस्त्यापर्यंत तशीच ओढत आणली आणि तुमसरहून मेकॅनिक येईपर्यंत आम्ही एका चहाच्या टपरीवर बसलो. सर कॅमेऱ्यातले फोटो पुढे-मागे करत होते. मी मनाशी ठरवलं होतं की सांगायचं नाही, एवढंच आपल्याजवळ ठेवायचं. पण चहाचा पहिला घोट घेतल्यावर कळलं, की न सांगता हे पूर्ण होणार नाही.

"सर, सकाळी तीन पाणचिरे आले होते," मी म्हटलं. "तुमच्या पाठीमागून. मी पाहिले."

ते हसले. मग माझा चेहरा पाहून थांबले. म्हणाले, थट्टा करता का. फोटो कुठे आहे? मी म्हटलं, फोटो नाही. मग ते म्हणाले, फोटो नाही तर पक्षी नाही.

"होते," वहिनी म्हणाल्या. त्या बशीत चहा ओतत होत्या. "लाल चोचीचे. मी हाक मारली होती न तुमाले. तुमीच तर हात केला."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बंद केला. सरांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी काहून नाही बोलल्या?"

"मुद्दाम," मी म्हटलं. "ज्या म्हाताऱ्याला तुम्ही सभेत चोरासारखं उभं केलं, त्याच्यासाठी. घरटं तुमच्या फोटोनं मोडलं. तुम्हाला ते माहीत आहे."

मी चार वर्षं तयार केलेली शेकडो वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही. आवाजही मला वाटलं होतं तेवढा चढला नाही. कुठल्या वळणावर, कुठल्या बाजूला गेले, एवढंच सरांनी विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, मला दिशा कळत नाहीत. मग त्यांनी कॅमेरा खांद्याला लावला आणि भर उन्हात, रेतीच्या त्याच वाटेनं पायी नदीकडे गेले.

आम्ही दोघी बसून राहिलो. मी वहिनींना म्हटलं, तुम्हाला माझा राग आला असेल. त्या म्हणाल्या की आला, पण फार नाही. त्या सत्काराच्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, त्या म्हाताऱ्याचं नाव कशाला घेतलं. नवरा म्हणाला होता, तुला त्यातलं काय कळतं. एवढं सांगून त्यांनी आणखी एक चहा मागितला.

सर दोन तासांनी आले, घामानं निथळलेले. काही दिसलं का, हे आम्ही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मेकॅनिकनं गाडी पाहून सांगितलं होतं की काम गॅरेजातच होईल, तुमसरपर्यंत ट्रॅक्टरनंच ओढत न्यावी लागेल. स्टेअरिंग धरायला एक माणूस आत हवा. सर बसले. वहिनी म्हणाल्या, मी ताईसोबत बसनं येते.

त्या दिवसानंतर सरांनी मला कधी फोन केला नाही. तलावांवरच्या मोजणीला येतात, पण माझ्या तलावावर नाही. मला कोणी विचारलं की तू केलंस ते बरोबर होतं का, तर मी म्हणते, रेतीची वाट दाखवली ते चुकलं. बाकीचं पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

त्या संध्याकाळी बस मिळाली तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. तुमसरच्या अलीकडे आमची बस त्यांच्या गाडीला ओलांडून पुढे गेली. पुढे ट्रॅक्टर, मागे साखळी, आणि चकचकीत नव्या गाडीत सर दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून समोर पाहत बसले होते. वहिनींनी खिडकीतून पाहिलं, मीही पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि अर्धे माझ्या हातावर ओतले.