मागे घेतलेल्या प्रश्नांच्या रत्नक्का

आमदार रत्नाबाई हंचाटे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या रत्नक्का, यांची आणि माझी पहिली ओळख खरं तर भांडणातूनच व्हायला हवी होती. आमचं नातंच तसं होतं. त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारायचे आणि मी म्हैसूरच्या सरकारी कचेरीत बसून, आरोग्य खात्यातर्फे त्यांची उत्तरं तयार करायची. विरोधी आमदाराचा प्रश्न आला की साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "सुलोचनाबाई, असं काहीतरी लिहा की खोटंही नको आणि फार खरंही नको." मी त्यात चांगली तरबेज झाले होते. 'कारवाई सुरू आहे' हे आमचं सगळ्यांचं लाडकं वाक्य.

एका दुपारी सुती साडीतल्या, खांद्याला पिशवी लावलेल्या एक बाई समोर येऊन बसल्या. "मी हंचाटे. एका तालुका रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर नाही. अडलेल्या बायकांना तिथून म्हैसूरला पाठवतात. पुढच्या अधिवेशनात मी हे विचारणार आहे. आधी सांगून ठेवते."

मी उडालेच. "अय्यो, आधी सांगितलंत तर आम्ही तयारी करू की, मॅडम!"

"करा ना. त्याच्यासाठीच सांगते. मला तुमची फजिती नको, डॉक्टर हवा." मग टेबलावरच्या पाटीवरचं माझं आडनाव वाचून त्या एकदम घरच्या मराठीत आल्या. "आमच्यातलीच की गं तू! मग चहा तरी सांग."

अधिवेशनाच्या आधी डॉक्टर रुजू झाला आणि बाईंनी तो प्रश्न मागे घेतला. आम्ही कचेरीत एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. प्रश्न हे विरोधी आमदाराचं एकमेव हत्यार. ते आधी दाखवायचं आणि काम झालं की म्यान करून घरी जायचं, हे कुठलं राजकारण? पण रत्नक्कांचं राजकारण हेच होतं आणि आजही, वयाच्या पंचाहत्तरीत, हेच आहे.

त्यांचा पक्ष लहान. सरकारं बदलली, टोप्या आणि शाली बदलल्या, रत्नक्कांचा बाक काही बदलला नाही. "मला तिथूनच बरं दिसतं," असं त्या म्हणतात. रंगाऱ्याच्या घरातल्या त्या. वडिलांचा कापड रंगवण्याचा व्यवसाय होता. रंग पक्का बसला की नाही हे कापड धुतल्यावरच कळतं, म्हणून सरकारी योजनाही एकदा धुऊन बघायची, असं त्यांचं म्हणणं असतं. धुऊन बघायचं म्हणजे स्वतः जाऊन बघायचं. कृष्णराजनगरकडच्या एका खेड्यात अंगणवाडीतला उपमा चांगला नसतो अशी तक्रार होती. रत्नक्का मुलांच्या पंगतीत जमिनीवर बसल्या आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "बसा, तुम्हीही घ्या." ते गृहस्थ इस्त्रीच्या पँटीत बसले. पहिला घास त्यांच्या तोंडातच फिरत राहिला. रत्नक्का मात्र ताटलीतलं सगळं संपवून उठल्या. त्यानंतर तिथला रवा बदलला, आणि ही गोष्ट कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही.

आता थोडी तक्रारही करू द्या, नाहीतर हा लेख माझा वाटायचा नाही. रत्नक्का गाडी भयंकर चालवतात. त्यांच्या शेजारी बसून चामुंडी टेकडी उतरलेल्या माणसाला देवीचं दर्शन दोनदा घडतं. फोनवर त्या 'हॅलो' म्हणत नाहीत, सरळ वाक्याच्या मध्यापासून सुरू होतात. आणि चिडल्या की कन्नड, मराठी सगळं एकदम. पण माझ्या यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज मिऱ्यांच्या साराचा डबा याच बाईंकडून यायचा. आमचे हे कट्टर सत्ताधारी पक्षाचे. ते म्हणायचे, "अक्का, मत देणार नाही हं." रत्नक्का म्हणायच्या, "कोण मागतंय? सार संपवा आधी."

हे सगळं सांगितलं, पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते निराळंच आहे. नोकरीत असताना मला ते जाहीरपणे बोलायला बंदी होती. आता निवृत्त झाले, आता कोण धरतंय!

एच. डी. कोटेच्या पलीकडच्या एका खेड्यात महादेवम्मा नावाची बाई राहते. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बसनं म्हैसूरला यायचं आणि परतीच्या बसची वाट बघत स्टँडवर आडवं व्हायचं. नवऱ्याची मजुरी बुडायची ती वेगळीच. आणि तिच्या घरापासून जवळच्या रुग्णालयात डायलिसिसची नवी कोरी यंत्रं होती! रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खोलीला कुलूप, यंत्रांवर प्लास्टिक, कारण ती चालवणारा तंत्रज्ञच नेमलेला नव्हता. 'कारवाई सुरू आहे' हे उत्तर माझ्याच हातचं होतं. पण माझ्या वरच्या टेबलांवरून ती फाईल हलता हलेना.

एकदा म्हैसूरच्या स्टँडवर रत्नक्कांनी तिला पाहिलं. मी बरोबर होते. चौकशी केली तर महादेवम्मा डोळे मिटूनच म्हणाली, "साकागिदे अक्का." पुरे झालं आता. पुढच्या आठवड्यापासून ती येणारच नव्हती. येणं थांबवलं की काय होतं हे तिला ठाऊक होतं, नवऱ्यालाही ठाऊक होतं. तो खाली मान घालून उभा होता.

रत्नक्का तिच्याजवळ फरशीवर बसल्या. "अधिवेशन होईपर्यंत ये. एकही वेळ चुकवू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर."

पक्षातल्या लोकांना हा प्रश्न कळला तेव्हा त्यांना आनंदच झाला. निवडणूक तोंडावर आलेली. मंत्र्यांना सभागृहात अचानक गाठायचं, महादेवम्माला प्रेक्षकांच्या गॅलरीत बसवायचं, बाहेर कॅमेरे तयार ठेवायचे, असा बेत ठरला. "अक्का, यावेळी कुणाला आधी सांगू नका," असं त्यांना बजावण्यात आलं.

बजावून ऐकणार त्या रत्नक्का कसल्या? आदल्या दिवशी त्या सरळ मंत्र्यांच्या दालनात गेल्या. आमच्या साहेबांबरोबर कागद घेऊन मीही तिथे होते, म्हणून हे ऐकीव नाही. त्या म्हणाल्या, "उद्या माझा प्रश्न आहे. विचारला तर तुमची अब्रू जाईल, मला टाळ्या पडतील आणि तुम्ही रागानं ती फाईल आणखी वर्षभर दाबाल. आज तंत्रज्ञाची ऑर्डर काढा, मी प्रश्न मागे घेते."

मंत्री हसले. "आणि श्रेय?"

"तुम्हीच घ्या. पण आज."

ऑर्डर निघाली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी प्रश्न पुकारला. रत्नक्का उठल्या, "काम झालं आहे, प्रश्न मागे घेते, मंत्र्यांचे आभार," एवढं बोलून बसल्या. समोरच्या बाकांवर हशा पिकला. त्यांच्या स्वतःच्या बाकावरचे लोक त्यांच्याकडे पाठ फिरवून बसले. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत होते. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली, मोठमोठी भाषणं ऐकली, पण अंगावर काटा आला तो त्या एका ओळीनं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. प्रचारात विरोधकांनी त्यांना 'प्रश्न मागे घेणारी आमदार' असं नाव ठेवलं. कितीला विकले प्रश्न, असंही भर सभेत विचारलं गेलं. त्या निवडणुकीत रत्नक्का पडल्या. ज्या तालुक्यासाठी हे केलं, तो त्यांच्या मतदारसंघात नव्हताच. तिथलं एकही मत त्यांना मिळणार नव्हतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि भांडले. ओळखीच्या वेळी राहून गेलेलं भांडण तेव्हा झालं. "महादेवम्माला एकदा स्टेजवर आणलं असतंत तर निवडून आला असता! खरं तेच सांगायचं होतं ना?"

रत्नक्का चिडल्या नाहीत, पहिल्यांदाच मला दुखावलेल्या दिसल्या. "आणि तिनं काय करायचं, सुलू? हजार माणसांसमोर उभं राहून आपलं दुखणं दाखवायचं? माझ्या मतांसाठी?" मग त्या आत गेल्या आणि चहा करून घेऊन आल्या.

त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. पण त्यांच्या विधानसभेतल्या कामाचा आढावा घेणारे अजूनही म्हणतात, की बाईंचे बरेच प्रश्न मागे घेतलेले दिसतात. दिसतात ना! त्यांतल्या आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरं लिहिणारी बाई मी आहे. मी सांगते, त्यांतला एकही काम झाल्याशिवाय मागे गेलेला नाही. कुठे डॉक्टर आला, कुठे दवाखान्यात पाणी आलं. ज्यांचं काम झालं, त्यांतल्या बहुतेकांना रत्नक्कांचं नावही माहीत नाही, आणि रत्नक्कांना त्याचं काहीच वाटत नाही. मला वाटतं. म्हणून हे लिहिलं.

रत्नक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतोय हे सांगायला मागच्या महिन्यात मी महादेवम्माकडे गेले होते. ती नुकतीच आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातून, डायलिसिस करून परतली होती. पायरीवर बसून शेंगा सोलत होती. रत्नक्कांना काही निरोप आहे का, असं मी विचारलं. ती थोडी लाजली, मग म्हणाली, "अक्कंगे हेळी, नानु इन्नू इद्दीनि."

अक्कांना सांगा, मी अजून आहे.

सांगितलं, रत्नक्का. आता आम्हा सगळ्यांचं मागणं ऐका: तुम्हीही असा. ठणठणीत, आणि पुष्कळ वर्षं असा.