आज काय बिघडवलं?

आमचे सुपरवायझर चाचा सोताची चूक सांगायचे ती पोराचं लगीन ठरल्यासारखी, हसतमुखानं. पनवेलहून न्हावा शेव्याला जाताना आमचं गोदाम लागतं. रोज पाच वाजले का चाचा समद्यांना गोल उभं करायचे नि इचारायचे, "बोला, आज काय बिघडवलं?" पयला नंबर त्यांचाच. "मी ट्रक चुकीच्या दारावर लावला, अर्धा तास गेला. उद्या कसा लावू?" मंग हमालपन त्यांना अक्कल शिकवायचे, नि चाचा वहीत लिवून घ्यायचे.

मी फोर्कलिफ्ट चालवतो. साळंला माझा लांबूनच रामराम, पन ते कोनाला ठाव नवतं. पेटीवरची चिठ्ठी वाचायची येळ आली का मी बोलायचो, "चष्मा घरी रायला." तीन वर्सं रायला. चष्मा मला नवताच.

एक दिवशी दुबईचा माल मी मोंबासाच्या कंटेनरात भरला. सील मारायच्या आदी चाचांनी पकडला. मी मनात बोललो, नाम्या, गेली नोकरी.

पाच वाजता चाचा बोलले, "आज खता माझी, चूक माझी. सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच दिसतात, हे मला आधी कळायला हवं होतं. उद्या काय करू?"

माझ्याच तोंडातनं निसटलं, "चाचा, चष्मा घरी नाय. मला वाचताच येत नाय."

एक हमाल खिदळला, "मंग तीन वर्सं चिठ्ठीसमोर मान कशाला हलवायचास?"

"साहेबांच्या इंग्लिशला मीही हलवतो," चाचा बोलले. "नामदेव, तुला काय दिसतं ते सांग."

"रंग दिसतो."

दुसऱ्या दिवशी दुबईला हिरवी पट्टी, मोंबासाला लाल. गंमत म्हंजे शिकलेल्यांच्या चुकापन कमी झाल्या. म्हंजे त्यांचापन चष्मा घरीच राहत होता.

चाचा रिटायर होऊन आपट्याला, गावी गेले. नवीन साहेब सुधारनेचा कोर्स करून आलेत. त्यांनी पयली सुधारना केली, पाच वाजताचा गोल बंद. भिंतीवर बोर्ड लावला. हापिसातल्या क्लार्कनं मला वाचून दाखवला, "येथे चुका होत नाहीत." तवापासून खरंच कोनाची चूक ऐकली नाय. परत आलेला माल तेवढा मागच्या शेडात वाढलाय.

मला काय, बोर्ड वाचता येत नाय. पाच वाजले का मी एकटाच उभा रातो नि फोर्कलिफ्टला सांगतो, आज काय बिघडवलं ते. परवा तोच क्लार्क बाजूला येऊन उभा रायला. इकडंतिकडं बघून हळूच बोलला,

"नामदेव, माझीपण एक आहे."